वरची जागा

टेग्वेनचं पत्र आलं तेव्हा मार्च चालू होता, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र लहानसं होतं. टेग्वेन ही माझ्या धाकट्या भावाची, हेद्विनची बायको. हेद्विन जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिनं लिहिलं होतं की आपलं चॅपल सप्टेंबरअखेर बंद होतंय. इमारत विकतील. आवारात यापुढे, ज्यांच्या जागा आधीपासून राखलेल्या आहेत त्यांनाच पुरता येईल, आणि ती नावं आत्ताच विश्वस्तांना कळवायची आहेत. आपल्या कबरीत एकच जागा उरली आहे, सर्वांत वरची, आणि ती तुझ्या नावावर आहे. तू येणार असशील तर माझं काही म्हणणं नाही. येणार नसशील तर मला हेद्विनपाशी जायला आवडेल. एवढं कळव. इथे यंदा कोकरं चांगली झाली. बस्स, इतकंच. मी ते उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि दुपारी जेवताना माझ्या लक्षात आलं की आपण कोट काढलेलाच नाही.

ब्लायनोगोव हे आमचं गाव चुनखडीवर वसलेलं आहे, आणि खालून पोकळ आहे. ओगोव म्हणजे आमच्या भाषेत गुहा. शेजारच्या दरीत एका कबरीत चार-चार माणसं एकावर एक मावतात. आमच्याकडे तीन माणसांइतकं खोल गेलं की कुदळ खडकावर वाजते. आईची कबर खणली तेव्हा खणणारा विल खड्ड्यातून वर आला, हात झटकले, आणि जणू तो खडक मीच मागवला होता अशा नजरेनं माझ्याकडे बघत म्हणाला, ‘‘तीन. चौथ्यानं आपली सोय दुसरीकडे बघावी.’’ आमच्याकडे माणसाला त्याचा धंदा चिकटतो. विलला सगळे कबरींचा विल म्हणत, त्याचं आडनाव काय होतं ते मला आजही माहीत नाही. तर आई तळाशी आहे. वडील समुद्रावर गेले ते सापडलेच नाहीत, त्यांचं फक्त नाव दगडावर आहे. आईच्या वर हेद्विन. त्याच्या वरची जागा माझी, कारण मी थोरला, आणि आईनं कागद माझ्या नावानं केला होता. दगड मात्र पहिल्यापासूनच मोठा घेतात, खालचा भाग गुळगुळीत करून कोरा ठेवतात. आमच्या गावचा माणूस दर रविवारी उपासनेला जाताना स्वतःच्या कोऱ्या भागावरून नजर फिरवत जातो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. घराच्या अंगणात ओटा असावा तसं ते आहे.

मी चाळीस वर्षं कार्डिफ या इंग्रजी बोलणाऱ्या शहरात, ग्रंथालयात होतो. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर क्रमांक लावले, नोंदी केल्या, भाड्याच्या खोल्या बदलल्या. लग्न केलं नाही; करायचं नाही असं ठरवलेलं नव्हतं, विचारायचं राहून गेलं. माझ्या नावाचं म्हणावं असं या शहरात काहीही नाही, दारावरची पाटीसुद्धा आधीच्या भाडेकऱ्याची आहे, मी ती कधी बदलली नाही. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी ती डोंगरातली जमीन तेवढी माझी वाट बघत होती. मला ती हवी होती का, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आता ती कुणीतरी मागितली, आणि ताटातला घास कुणी मागावा तशी मला एकदम भूक लागली. या भुकेची मला लाज वाटली. टेग्वेन चाळीस वर्षं हेद्विनच्या शेजारी झोपली होती. मी त्याच्या शेजारी झोपलो तो लहानपणी, एका पलंगावर, पायांशी विटा तापवून. माझा हक्क कागदाचा होता, आणि कागदाचाच माणूस म्हणून मी जन्म काढलेला. मी उत्तर लिहायला बसत होतो. ‘प्रिय टेग्वेन’ इथवर आमच्या भाषेत येई, आणि पुढचा शब्द इंग्रजीत येऊन उभा राही. कार्डिफमध्ये आमची भाषा मी दोघांशीच बोललो होतो: ग्रंथालयाचा एक म्हातारा शिपाई, तो वारला, आणि दाढी करताना आरशात मी. हल्ली आरशातही गप्पच असे. मग मी कागद बाजूला ठेवी, आणि उद्या लिहू म्हणे.

जूनमध्ये आमच्या म्हाताऱ्यांच्या जेवणाच्या मंडळात मिसेस प्रॉसरनं माझ्या सूपच्या वाडग्याशेजारी एक पत्रक ठेवलं. सहलीचं पत्रक. गुहा, डोंगर, धबधबा, आणि डोंगरातल्या जुन्या चॅपलमध्ये घरगुती चहा. खाली छायाचित्र होतं, आणि त्यात चॅपलच्या मागच्या खोलीचं निळं दार होतं, ज्याची कडी उंचावर असल्यामुळे मी आणि हेद्विन एकमेकांना उचलून ती काढत असू. माझा चमचा वाडग्यात पडला. मिसेस प्रॉसर ही बोलकी, गुबगुबीत विधवा, माझ्यावर तिचा जीव आहे असं बाकीचे मला चिडवत असत. तिनं माझ्या बाहीवरचं सूप पुसलं आणि म्हणाली, ‘‘मिस्टर रीस, तुम्हाला जरा हवा हवी. पुस्तकांच्या धुळीनं तुम्ही आतून राखाडी झालाय.’’ या गावाबद्दल काही ऐकलंय का, असंही तिनं विचारलं. मी म्हणालो, हो, ऐकलंय. माझं गाव आहे हे सांगायला त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. मी ते वाक्य तोंडात जुळवत होतो तोवर ती पुढच्या टेबलाशी गेली होती.

बसमध्ये ड्रायव्हरनं ध्वनिक्षेपकावरून गावाचं नाव उच्चारायचा प्रयत्न केला. तिसऱ्या खेपेला त्याची जीभ अडकली आणि सगळे हसले. मीही हसलो. आपल्या आईच्या गावाच्या नावाला मी हसलो हे मला दोन वळणं पुढे गेल्यावर कळलं. दरी अरुंद होत गेली, दगडी कुंपणं सुरू झाली, आणि खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला माझ्या आत नाव होतं, शेतांना, ओढ्यांना, एका वाकड्या झाडालासुद्धा, पण ती नावं वर येईनात. एखाद्या ओळखीच्या माणसानं आपल्याला बघून रस्ता ओलांडावा तशी ती चुकवून जात होती. मिसेस प्रॉसर माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली, इथली माणसं किती सुखी असतील नाही. मी हो म्हणालो. मी बहुतेक गोष्टींना हो म्हणतो.

निळ्या दारातून आम्ही रांगेनं आत गेलो. आत लांब टेबल, चहाचं पितळी पिंप, मनुका घातलेल्या काळ्या पावाच्या लोणी लावलेल्या चकत्या. पिंपामागे टेग्वेन उभी होती. ती लहान झाली होती. केस अगदी पांढरे, एप्रनच्या खिशात चष्मा. तिनं मला रांगेत चौथा असतानाच पाहिलं, आणि ती पुढच्यांना चहा देत राहिली. तिचं नाव माझ्या तोंडात तयार होतं. मी तिसरा झालो, दुसरा झालो. माझ्यामागे मिसेस प्रॉसरचा श्वास ऐकू येत होता. सकाळपासून या सगळ्यांशी मी इंग्रजीत बोलत होतो, आणि आता अचानक दुसरीच भाषा काढली तर हे सगळे मान वळवतील, विचारतील, मिस्टर रीस, तुम्ही इथले? आणि टेग्वेन सर्वांदेखत विचारेल, पत्र मिळालं का? माझी पाळी आली. मी इंग्रजीत म्हणालो, ‘‘एक चहा द्या. साखर नको.’’

तिचा हात तोटीवर थांबला. आमच्या मुलखात दोन माणसांची भाषा एकदा ठरली की ठरली. इंग्रजीत ओळख झालेली नवराबायको, दोघांच्याही तोंडात आईची भाषा असून, मरेपर्यंत घरात इंग्रजीच बोलतात. मध्येच बदलणं म्हणजे रस्त्यात कपडे बदलल्यासारखं वाटतं. मी चाळीस-बेचाळीस वर्षं तिच्याशी एका भाषेत बोललो होतो आणि आता दुसरी सुरू केली होती. एखाद्याला लाथ मारली असती तर तोल गेला असं म्हणता आलं असतं. टेग्वेननं कप भरला, बशी पुसली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सावकाश, धुतलेल्या इंग्रजीत म्हणाली, ‘‘दूध तिकडे आहे, साहेब. पाव घरचा आहे, जरूर घ्या.’’

मिसेस प्रॉसरला तिच्याशी बोलायची हौस आली. तुम्ही घरी तुमचीच भाषा बोलता का हो, तिनं विचारलं. ‘‘घरी?’’ टेग्वेन म्हणाली. ‘‘कुणाशी, बाई? मांजर आहे. त्याला सगळं समजतं, फक्त उत्तर देत नाही. आजकाल कुणाचीच तशी पद्धत राहिली नाही.’’ मिसेस प्रॉसर मनापासून हसली. मी पाव घेतला. तो आईच्या हाताचा होता, म्हणजे आईनं टेग्वेनला शिकवलेला. चहात भिजवलेल्या मनुका, आणि किंचित जास्त भाजलेली कड. मी तो बराच वेळ गालात धरून बसलो.

गुहेकडे जाताना आता डांबरी पायवाट आहे आणि तिकीटघर आहे. आत वायरी टाकलेल्या, तांबडे-हिरवे दिवे, छतावरून लोंबणाऱ्या एका झुंबरासारख्या दगडाला त्यांनी राजकन्या नाव दिलेलं. मार्गदर्शक तरतरीत तरुण होता, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण. थेंबाथेंबानं दगड कसा वाढतो ते त्यानं पाठ म्हणून दाखवलं. सर्वांत मोठ्या दालनात आल्यावर तो म्हणाला की आता मी दिवे घालवतो, खरा अंधार कसा असतो ते पाहा, कुणी घाबरू नका. दिवे गेले. कुणीतरी खिदळलं. डोळ्यांपुढे हात धरला तरी दिसत नव्हता, मग मला वाटलं हात धरलाच नसेल. हे दालन कुठे येतं ते मला ठाऊक होतं. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. वर चॅपलचं आवार आहे. विलची कुदळ ज्यावर वाजते ते याचंच छत. म्हणजे माझ्या डोक्यावर खडक, त्यावर आई, तिच्यावर हेद्विन, आणि त्याच्यावर मी. मी माझ्याच जागेच्या खाली उभा होतो आणि वर रिकामा होतो.

त्या अंधारात मी हेद्विनशी बोलायचं ठरवलं. मोठ्यानं नव्हे. मनात. त्याला सांगायचं होतं की तुझ्या बायकोनं माझ्याकडे काय मागितलंय आणि मी कसा वागतोय. मी सुरुवात केली, आणि शब्द आले ते इंग्रजी. मी थांबलो, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. लहानपणी त्या पलंगावर पांघरूण ओढताना काय म्हणत असू ते शोधलं; सापडलं, पण ते एखाद्या पुस्तकातलं वाक्य आठवावं तसं, नोंद केल्यासारखं. हेद्विनला इंग्रजी बाजारापुरतं येई. मेंढ्यांचे भाव, डॉक्टरचे आकडे. परक्या माणसानं इंग्रजीत काही विचारलं की तो टोपी काढून हातात फिरवत बसे. मी त्याच्या वर जाऊन झोपणार, आणि तो त्याची टोपी फिरवत बसणार, कायमचा. माझी बाही कुणीतरी घट्ट धरली होती. दिवे आले तेव्हा दिसलं की मिसेस प्रॉसर होती. ती म्हणाली, ‘‘तुम्ही काहीतरी पुटपुटत होता. प्रार्थना का?’’ मी हो म्हणालो.

दुपारी ज्यांचे गुडघे धड होते ते डोंगरावर गेले. वर जुन्या किल्ल्याच्या मातीच्या कडा आहेत, तिथून आसपासच्या तीन दऱ्या दिसतात, आणि आमची शेतजमीनही, जी आता शेजारी कसतो. मी निम्म्यापर्यंत चढलो. मेंढ्या आपापल्या उतारावर चरत होत्या. आमच्या डोंगरावर कुंपण नाही. कुठल्या कळपाचा कुठला उतार हे आई पिलाला दाखवते, आणि कळप ती हद्द सोडत नाही, मालक बदलला तरी. मी एका दगडावर बसलो तेव्हा एक म्हातारी मेंढी माझ्याकडे बघून दोन पावलं मागे झाली, आणि मग तिनं चरायला सुरुवात केली. माझ्यामुळे तिच्या गवतात काही फरक पडणार नव्हता. तिथून खाली चॅपलच्या आवारात आमच्या बसमधल्या चार-पाच बायका दिसत होत्या, आणि त्यांच्या पुढे टेग्वेनचं पांढरं डोकं. ती त्यांना दगड दाखवत होती. उतरताना मला वाटलं, आता बसमध्ये जाऊन बसावं. पाय आवाराकडे गेले.

मी पोचलो तेव्हा त्या आमच्याच दगडापाशी उभ्या होत्या. आईचं नाव, वडिलांचं नाव, हेद्विनचं ताजं सोनेरी नाव, आणि खाली कोरी जागा, तिच्यावर शेवाळ आलेलं. रीस हे आडनाव आमच्याकडे दर दुसऱ्या दगडावर असतं, त्यामुळे ते वाचून कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मिसेस प्रॉसरला वाटलं की पैसे संपले म्हणून काम अर्धं राहिलं. टेग्वेननं तिला आमची रीत समजावून सांगितली.

‘‘मग ही जागा कुणाची?’’ मिसेस प्रॉसरनं विचारलं.

‘‘माझ्या दिराची.’’ टेग्वेन दगडाकडे बघत होती. ‘‘शहरात असतो. फार वाचलेला माणूस.’’

‘‘येतो का इकडे?’’

‘‘येऊन जातो कधीतरी. कळत नाही आल्याचं.’’

मी टोपी काढली होती आणि ती माझ्या हातात फिरत होती. मिसेस प्रॉसर म्हणाली की हे काही बरोबर नाही, नवऱ्याजवळ बायकोचीच जागा. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘नाही का हो, मिस्टर रीस?’’ टेग्वेननं मान वर केली. आता ती सरळ माझ्याकडे बघत होती, इतक्या वर्षांत कधी बघितलं नसेल असं, सावकाश. मी हो म्हणालो. त्या एकाच ‘हो’मध्ये मी सगळं ओतलं असं मला वाटलं, पण ते नेहमीसारखंच ऐकू आलं असणार, कारण ती पुन्हा बायकांकडे वळली.

‘‘त्याला पत्र टाकलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘उत्तर नाही. मी म्हटलं, लाजरा आहे, नाही म्हणायला जड जात असेल. मला हवी आहे असं तोंडानं म्हणवत नसेल त्याला. मग मीच परवा विश्वस्तांना सांगून टाकलं, जागा त्याचीच राहू द्या. आईची जागा आहे, मी काय, लग्न करून आलेली. मला वरच्या नव्या दफनभूमीत दिलीय. मोटारतळाच्या पलीकडे. जाणारे-येणारे दिसतात. कंटाळा यायचा नाही.’’

बायकांनी हळहळ व्यक्त केली. एकीनं तिच्या दंडावर हात ठेवला. मला समजलं ते असं की मार्चपासून मी दररोज काहीच न करता ती जागा जिंकत होतो. माझा प्रत्येक उद्या विश्वस्तांच्या वहीत माझ्या बाजूनं पडला होता. याहून सोपा विजय कुणी मिळवला नसेल. आता बोलायचं तर भाषा बदलावी लागणार होती, या चार बायकांसमोर, रस्त्यात उघडं व्हावं तसं; आणि इंग्रजीत तर हे बोलण्यासारखं नव्हतं. मला सुचला तो एकच प्रश्न. मी इंग्रजीत विचारलं, ‘‘त्या वरच्या दफनभूमीतून डोंगर दिसतो का?’’

‘‘दिसतो, साहेब,’’ टेग्वेन म्हणाली. ‘‘त्याची पाठ दिसते.’’

बसपाशी ती सर्वांना निरोप द्यायला उभी होती, प्रत्येकाला तेच वाक्य, पुन्हा या, सांभाळून जा. माझ्या वेळी तिनं माझ्या कोटाच्या कॉलरवरचा पावाचा कण झटकला. तिची बोटं तिथे क्षणभर राहिली. मी वाट बघितली, ती आमच्या भाषेत एखादा शब्द बोलेल, एक शिवीसुद्धा चालली असती. ‘‘पुन्हा या,’’ ती म्हणाली, इंग्रजीत. बसमध्ये मिसेस प्रॉसर म्हणाली की किती गोड बाई, आणि तो दीर काय दगड असेल. मी खिडकीकडे तोंड केलं. परत येताना मी झोपल्याचं सोंग केलं, आणि सोंगात खरोखरच झोपलो. असा माणूस मी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधीच मी लिहायला बसलो. पहिला शब्द इंग्रजीत आला तसा मी तो येऊ दिला, खोडला, आणि त्याच्या जागी आमचा शब्द घातला. मग दुसरा. शाळेतल्या पोरासारखं, शब्दाला शब्द. काही चुकले असतील. शब्दकोश माझ्या हाताशी होता, पण मी तो उघडला नाही. उघडला असता तर दुपार झाली असती, मग संध्याकाळ, मग उद्या. मी लिहिलं की जागा तुझी आहे, हे पत्र विश्वस्तांना दाखव आणि माझं नाव खोडून घे, सप्टेंबरला अजून वेळ आहे. हेद्विन भिंतीकडे तोंड करून झोपायचा, तुला माहीतच आहे. पाव चांगला होता. पुढे मी लिहिलं की माझी काळजी नको, इथे जाळतात, आणि राख न्यायला कुणी आलं नाही तर तिथल्याच बागेत टाकतात, बाग बरी ठेवलेली आहे. ते वाचलं तर भीक मागितल्यासारखं वाटत होतं. कुणीतरी म्हणावं, नको रे, ये तू, यासाठी लिहिलेलं. मी ते इतकं गिरवून काढलं की कागद फाटला, आणि सगळं पत्र पुन्हा उतरवावं लागलं. काल तुझ्याशी तसं बोललो त्याबद्दल काय लिहावं ते मला कुठल्याच भाषेत सुचलं नाही. ती ओळ मी सोडून दिली आणि खाली नुसतं नाव लिहिलं, ‘इद्वल’.

पत्रपेटी कोपऱ्यावरच आहे. मी पाकीट फटीत निम्मं सरकवलं आणि माझी बोटं सुटेनात. आत्ता, एवढ्यात, जगात कुठेतरी माझी जागा होती. बोटं उघडली की नसणार. आईनं कागद माझ्या नावानं केला तेव्हा ती म्हणाली होती, तू दूर जाणार, तेव्हा तुला परत यायला काहीतरी हवं. सकाळची वेळ, कामाला जाणारी माणसं. माझ्या मागे एक मुलगी दोन-तीन पाकिटं घेऊन थांबली होती. ‘‘टाकताय ना, आजोबा?’’ तिनं विचारलं. मी टाकलं आणि बाजूला झालो.